तरुण आणि मतदान : आपले काही गैरसमज





या अंकात मला एका चुकीबद्दल लिहायचे आहे आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या वसतिगृहात राहून बारावी झालेला एक मुलगा मला भेटायला आला. घर नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावर. म्हणाला, “ताई, मतदार यादीत नाव घालायचे आहे. काय करावे लागेल?” मी जन्मतारीख विचारली. १ जून २००६. आमच्या भागात पुष्कळ मुलांची जन्मतारीख १ जूनच असते. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी हीच तारीख लिहीत आले आहेत. मी त्याला सांगितले, “१ जानेवारीला अठरा पूर्ण असावे लागतात. तुझे जूनमध्ये झाले. आता पुढच्या जानेवारीत बघू.”

“बरं ताई,” म्हणून तो गेला.

२० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. त्याचे आईवडील तेव्हा टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेले होते. पोराने आजीला हाताला धरून केंद्रावर आणले, आत पाठवले आणि स्वतः बाहेर उभा राहिला. चार माणसांच्या त्या घरातून फक्त आजीचे मत पडले.

पुढे डिसेंबरमध्ये मतदार नोंदणीचे काम करणाऱ्या एका अंगणवाडी सेविकेशी बोलताना मला कळले की जानेवारीचा नियम २०२२ मध्येच बदलला आहे. त्या मुलाचे नाव १ जुलैच्या हिशेबाने यादीत येऊ शकले असते. मी सांगितलेला नियम माझ्या तरुणपणीचा होता. दरवर्षी २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, मी वसतिगृहातल्या मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेत होते आणि नियम मात्र जुनाच सांगत होते.

म्हणून या वेळी तरुणांना उपदेश करण्याऐवजी, त्यांच्याविषयी आणि मतदानाविषयी आपण मोठ्या माणसांनी धरून ठेवलेले गैरसमज एकेक करून तपासू या.

गैरसमज १ : तरुणांना मतदानाची पर्वा नाही

हे वाक्य मी मंडळीत ऐकले आहे, स्वतः बोललेही आहे. “मोबाइल हातात दिला की झाले, यांना देशाचे काही नाही.”

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत देशात ६६ टक्क्यांहून थोडे जास्त मतदान झाले. त्यानंतर लोकनीती-सीएसडीएस या अभ्यासगटाने केलेल्या पाहणीत तरुण मतदारांचे प्रमाण या सरासरीच्या मागे नव्हते, किंचित पुढेच होते. त्याआधीच्या काही निवडणुकांत ते थोडे मागे असायचे. म्हणजे यादीत नाव असलेला तरुण बहुधा मत देतोच.

खरी गळती त्याच्या अलीकडे, नोंदणीत आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी १८ आणि १९ वर्षांचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार यादीत होते. लोकसंख्येच्या अंदाजानुसार या वयाची मुलेमुली देशात पावणेपाच कोटींच्या वर आहेत. दहांतल्या चारांचेही नाव लागलेले नाही. जे यादीतच नाहीत त्यांना आळशी कसे म्हणावे? दारच उघडले नाही आणि “आत का आला नाहीस?” म्हणून आपण रागावतो, असे हे झाले.

आदिवासी भागाबद्दलचा समजही असाच उलटा आहे. शहरातल्या देणगीदार बंधूंनी मला अनेकदा विचारले आहे, “तिकडे डोंगरात लोक मतदान करतात का?” २०२४ च्या लोकसभेला नंदुरबार आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही आदिवासी राखीव मतदारसंघांत ७० टक्क्यांच्या वर मतदान झाले. दक्षिण मुंबईत ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिले. राज्यातल्या मतदान केंद्रांची गणती जिथून सुरू होते ते मणिबेली आमच्याच जिल्ह्यात, नर्मदेच्या काठावर आहे. तिथे मतदान पथक बोटीने जाते. लोक मात्र आपल्या पायांनी डोंगर उतरून येतात.

गैरसमज २ : अठरा पूर्ण झाले तरी जानेवारीपर्यंत थांबावे लागते

माझी चूक हीच, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

पूर्वी आपल्या देशात मतदानाचे वय २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ झाले. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली आणि त्याच वर्षीच्या लोकसभेला अठरा वर्षांच्या मुलामुलींनी पहिल्यांदा मत दिले. तरी एक अडचण राहिली होती. वय मोजायची तारीख वर्षातून एकच, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण झालेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. आमच्या १ जूनच्या मुलांचे सात महिने वाया जात.

२०२१ च्या कायद्याने यात बदल केला आणि १ ऑगस्ट २०२२ पासून तो अमलात आला. आता वय मोजण्याच्या तारखा चार आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. ज्याचे अठरा १ जूनला पूर्ण होतात त्याचे नाव १ जुलैच्या तारखेने लागू शकते.

शिवाय वयाची सतरा वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. अर्ज ठेवून घेतला जातो आणि अठरा पूर्ण झाल्यानंतरच्या तारखेला त्यावर निर्णय होतो. म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गात बसलेल्या मुलीला आजच अर्ज भरता येईल.

नव्या नावासाठी अर्ज नमुना ६ भरायचा. जन्मतारखेसाठी दहावी किंवा बारावीचे प्रमाणपत्र, जन्माचा दाखला, आधार, पॅन किंवा वाहन परवाना यांपैकी एक चालतो. राहण्याचा पुरावा आणि एक फोटो जोडायचा. आधार नसेल तर तसे लिहिण्याची सोय अर्जातच आहे. अर्ज गावच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे म्हणजे बीएलओकडे द्यावा. आमच्याकडे हे काम बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका करतात. तहसील कार्यालयात देता येतो, मोबाइलवरूनही भरता येतो. शंका असली तर १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

एक गोष्ट विसरू नये. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते आणि अर्जाची छाननी व्हायला त्याआधी काही दिवस लागतात. प्रचाराची गाडी दारात आल्यावर नाव घालायला धावलो तर उशीर झालेला असतो.

गैरसमज ३ : मतदार कार्ड खिशात आहे, म्हणजे झाले

मतदानाचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो. कार्ड फक्त ओळख पटवायला असते. कार्ड आहे पण यादीत नाव नाही, असा माणूस केंद्रावरून परत येतो. आणि यादीत नाव आहे पण कार्ड हरवले किंवा पावसात भिजून गेले, त्याला मत देता येते. आधार कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, वाहन परवाना, पॅन, अशी ओळखपत्रे आयोग मान्य करतो. पाड्यावर जॉबकार्ड बहुतेक घरी सापडते.

म्हणून घरातल्या तरुणाला “कार्ड आले का?” असे विचारण्यापेक्षा “यादीत नाव पाहिलेस का?” असे विचारावे. नाव, वडिलांचे नाव, पाडा, भाग क्रमांक सगळे नीट आहे का, तेही पाहावे. एकाच पाड्यावर एका आडनावाची चाळीस घरे असतात. तिथे वडिलांच्या नावातली एक वेलांटी चुकली तरी केंद्रावर घोटाळा होतो. दुरुस्तीसाठी नमुना ८ आहे.

गैरसमज ४ : मुलगा बाहेर शिकतो, कामाला जातो, आता तो गावचा मतदार नाही

आमच्या मुलांचे आयुष्य दोन-तीन ठिकाणी विभागलेले असते. शिक्षण आश्रमशाळेत, मग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वसतिगृहात. दिवाळीच्या सुमारास आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात ते उन्हाळ्यातच परततात. कुणी द्राक्षबागेत, कुणी बांधकामावर. मग हा मतदार कुठला?

विद्यार्थ्याला निवड आहे. मान्यताप्राप्त शिक्षण घेणारा आणि वसतिगृहात राहणारा विद्यार्थी घरच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवू शकतो. मात्र दोन्हीकडे नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही आणि अर्जात खोटे निवेदन केले तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. हे मुलांना घाबरवण्यासाठी नाही, नीट समजावून सांगावे.

हंगामी मजुरांसाठी कायद्यात स्पष्ट आधार आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मधील कलम २० सांगते की माणूस तात्पुरता बाहेर गेला एवढ्याने त्याचे राहण्याचे ठिकाण बदलत नाही. चार-सहा महिने तोडणीला गेलेले जोडपे आपल्या पाड्याचेच मतदार राहते. दाराला कुलूप दिसले म्हणून नाव वगळायची वेळ आली तर नोटीस द्यावी लागते आणि बाजू मांडता येते. अडचण ही की नोटीस येते तेव्हा घरी आजीच असते आणि तिला वाचता येत नाही. अशा वेळी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने तो कागद वाचून दाखवला तरी एका घराची मते वाचतात.

मत देण्यासाठी मात्र गावी यावे लागते. दुसऱ्या राज्यात राहून आपल्या मतदारसंघात मत देता यावे, असे यंत्र दाखवण्यासाठी निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना बोलावले होते. ते अजून वापरात आलेले नाही. कायद्याने मतदानाच्या दिवशी मजुराला पगारी सुट्टी द्यायची असते आणि त्यात रोजंदारीवरचा मजूरही येतो. पण ती न देणाऱ्या मालकाला दंड आहे ५०० रुपयांपर्यंत. उचल घेतलेले जोडपे मुकादमाकडे सुट्टी मागेल कसे आणि शंभर-दोनशे किलोमीटरचे गाडीभाडे आणेल कुठून? त्या मुलाचे आईवडील आले नाहीत ते निष्काळजीपणाने नव्हे. एवढे समजून घेतले तरी आपला सूर बदलेल.

मुलींचे आणखी एक. अठरा-एकोणीसाव्या वर्षी लग्न होते. माहेरी नाव लागलेले नसते, सासरी कुणाच्या लक्षात येत नाही. पाचेक वर्षे ती बाई कोणत्याच यादीत नसते. माहेरी नाव असेल तर नमुना ८ भरून ते सासरच्या पत्त्यावर नेता येते. नसेल तर सासरच्या पत्त्यावर नमुना ६ भरावा. लग्न लावताना आपले पाळक नोंदवहीत सह्या घेतात. त्याच आठवड्यात याचीही आठवण केली तर फार बरे.

गैरसमज ५ : एका मताने काय होणार आहे?

२००८ मध्ये राजस्थानच्या नाथद्वारा मतदारसंघात विधानसभेची निवडणूक एका मताने ठरली. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मते पडली आणि शेवटी चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला. मुंबईत असे होते, तर ज्या पंचायतीच्या प्रभागात दोन-चारशे मतदार आहेत तिथे एका घरची चार मते म्हणजे काय, हे सांगायला नको.

आमच्या भागासाठी याहून मोठी गोष्ट आहे आणि ती तरुणांना फार थोडे लोक सांगतात. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रातल्या गावाची ग्रामसभा मतदार यादीत नाव असलेल्या माणसांची बनते. ग्रामसभेत गौण वनोपज, दारूचे दुकान, जमीन संपादनाआधीचा विचारविनिमय, योजनांचे लाभार्थी असे विषय येतात. महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. तो विहिरीला लावायचा की रस्त्याला, हे ग्रामसभेत ठरायचे असते.

म्हणजे यादीतले नाव पाच वर्षांतून एका दिवसापुरते नसते. बारावी शिकलेला, हिशेब वाचता येणारा मुलगा यादीत नसेल तर त्या सभेत तो बघ्या म्हणून बसतो. आणि एकविसाव्या वर्षी त्याला पंचायतीची निवडणूक लढवता येते, त्यालाही यादीत नाव लागते.

काही तरुण म्हणतात, “ताई, उभे राहिलेल्यांत कुणीच पटत नाही.” सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ पासून यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे. लोकसभा-विधानसभेत या बटणाला जास्त मते पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच निवडून येतो, हेही त्यांना खरे सांगावे. पण घरी बसलेल्याची नाराजी कुठेच मोजली जात नाही. बटण दाबलेल्याची मोजली जाते.

गैरसमज ६ : विश्वासणाऱ्यांनी यात पडू नये

काही वडीलधारी मंडळी मला सांगतात, “आपले राज्य या जगाचे नाही, मुलांना राजकारणात ओढू नकोस.” त्यांच्या मनातली भीती मी समजू शकते. निवडणुकीत गावे फुटतात, दारू वाटली जाते, भाऊ भावाशी बोलत नाही. पण आपण दर रविवारच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो. ज्यांच्यासाठी देवाजवळ मागतो, त्यांना निवडण्याच्या दिवशी घरी बसून राहणे मला तरी सुसंगत वाटत नाही.

सीमा मात्र सांभाळली पाहिजे. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या १९८८ च्या कायद्याप्रमाणे प्रार्थनामंदिराची जागा पक्षाच्या प्रचाराला वापरता येत नाही. नोंदणीला मदत करणे हे आपले काम. कुणाला मत द्यावे हे पाळकांनी सांगू नये, मीही सांगत नाही. मत गुप्त असते, ते मुकादमाला कळत नाही, सरपंचाला कळत नाही आणि चर्चलाही कळायचे कारण नाही. तरुणांना हा दिलासा आपल्या तोंडून मिळाला पाहिजे.

पाड्यांवर अधूनमधून आणखी एक अफवा उठते, की प्रार्थनेला जाणाऱ्यांची नावे यादीतून काढणार. घटनेचे कलम ३२५ स्पष्ट आहे : धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कुणालाही मतदार यादीतून वगळता येत नाही. हे शांतपणे सांगावे, त्यावरून भांडू नये.

आपण काय करू शकतो?

मोठा कार्यक्रम नको. तरुण संघाच्या सभेत वर्षातून चारदा, त्या चार तारखांच्या आधी, एवढेच विचारा : सतरा कुणाला पूर्ण झाली? अठरा कुणाला झाली? लग्न होऊन कोण आली, कोण गेली? ज्यांना मोबाइलवर अर्ज भरता येतो त्यांनी दोन-दोन जणांना मदत करावी. तोडणीला निघण्याआधी प्रत्येक घराने यादीतले नाव एकदा पाहून घ्यावे. जे शहरात राहता आणि आमच्या वसतिगृहांना मदत पाठवता, त्यांनीही आपल्या घरातल्या सतरा-अठराच्या मुलाला आज रात्री जेवताना हा प्रश्न विचारावा. वर दिलेले दक्षिण मुंबईचे आकडे तुमच्यासाठीही आहेत.

चूक लक्षात आल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेले आणि माफी मागितली. म्हटले, “मी चुकीचे सांगितले. तुझे मत माझ्यामुळे गेले.” तो थोडा लाजला. म्हणाला, “जाऊ द्या ताई. आता भरू.” आम्ही तिथेच, आजीच्या शेजारी खाटेवर बसून अर्ज भरला.

उठू लागले तेव्हा त्याने आतून धाकट्या बहिणीला हाक मारली. ती अकरावीत आहे.

“ताई, हिचाही भरून घ्या. हिची तारीख पण १ जूनच आहे.”